राबणाऱ्या बाईला व्यायाम का हवा

स्त्रियांनी ताकदीचा व्यायाम करावा, वजने उचलावीत, असे मराठवाड्यात कुठेही म्हटले, की समोरून येणारे उत्तर ठरलेले असते. आमच्या बायका पहाटे उठून पाणी भरतात, भाकरी थापतात, दिवसभर रानात वाकतात आणि रात्री भांडी घासून मगच अंग टाकतात. त्यांना आणखी कसला व्यायाम सांगता? हे उत्तर चेष्टेने दिलेले नसते. त्यात बाईच्या कष्टांची जाण असते, कधी तिच्याविषयी कणवही असते, आणि म्हणूनच ते खोडून काढणे अवघड जाते. तरीही ते चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे. कष्ट आणि ताकदीचा व्यायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम सारखा नसतो, पुष्कळदा तो उलटाच असतो. आणि जिच्या वाट्याला कष्ट भरपूर आले आहेत, तिला या व्यायामाची गरज शहरात बैठे काम करणाऱ्या बाईपेक्षा काकणभर अधिकच आहे. ही गरज तिने घरातल्या घरात, कामे उरकून, जमेल तशी भागवावी, असेही मला वाटत नाही. नळ, रस्ता आणि दवाखाना यांची सोय जशी गाव करते, तशीच ही सोय गावाने करायला हवी.

आधी कष्टांकडेच नीट पाहू. खुरपणी करणारी बाई उकिडवी बसून किंवा कमरेत वाकून सरी धरते आणि तासन् तास त्याच स्थितीत पुढे सरकत राहते. कापसाच्या वेचणीत कमरेला बांधलेली ओटी भरत जाते, म्हणजे कंबर जसजशी थकते तसतसे तिच्यावरचे ओझे वाढत जाते. सोयाबीनच्या काढणीत विळा एका हातात, मूठ दुसऱ्या हातात आणि पाठ पुन्हा वाकलेली. या सगळ्या कामांत शरीराच्या ठरावीक भागांवर हलका पण न संपणारा ताण पडतो. पाठीचे खालचे स्नायू सतत ताणलेले, गुडघे सतत दुमडलेले आणि मान सतत खाली असते. खांद्यांच्या मागचे, पाठीच्या वरच्या भागातले आणि नितंबांचे मोठे स्नायू मात्र पुरेशा भाराने आणि पूर्ण आवाक्याने क्वचितच वापरले जातात. ऊसतोडीत चित्र वेगळे दिसते. तेथे भार खरोखरच जड असतो, कारण तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढायचे असते. परंतु तो भार किती असावा, किती वेळा उचलावा आणि कधी थांबावे, हे त्या बाईच्या हातात नसते. ते उचल घेतलेल्या रकमेवर, मुकादमावर आणि कारखान्याच्या गाडीच्या वेळेवर ठरते.

ताकदीच्या व्यायामाची रीत नेमकी याच्या उलट आहे. त्यात भार मोजून घेतलेला असतो. एखादी हालचाल आठ ते बारा वेळा नीट करता येईल आणि शेवटच्या दोन-तीन वेळा कष्ट पडतील इतकेच वजन निवडायचे, ती झाल्यावर दीड-दोन मिनिटे थांबायचे, आणखी एक-दोन फेऱ्या करायच्या आणि त्या स्नायूंना पुढचा दीड-दोन दिवस मोकळा द्यायचा. शरीराची बांधणी व्यायाम चालू असताना होत नाही. ती नंतर, विश्रांतीत आणि अन्नातून होते. भार पडून गेल्यावर स्नायूंमध्ये प्रथिने रचली जाण्याचा वेग एक-दोन दिवस वाढलेला राहतो, आणि त्या काळात पोटात पुरेसे काही गेले नाही किंवा दुसऱ्या दिवशी तेच स्नायू पुन्हा राबवले, तर हाती काही लागत नाही. पूर्वीचे वजन सोपे वाटू लागले की ते थोडे वाढवायचे, हा या व्यायामाचा दुसरा नियम. पंधरा लिटरची कळशी वीस वर्षांनंतरही पंधरा लिटरचीच असते. शरीर तिला पहिल्या काही महिन्यांतच सरावते आणि नंतरची सगळी वर्षे ती फक्त मणक्यावर आणि मानेवर आपला भार टाकत राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत चालण्यासारख्या व्यायामासोबत आठवड्यातून किमान दोन दिवस, शरीरातील सर्व मोठ्या स्नायूंना कामाला लावणारा ताकदीचा व्यायाम प्रौढांसाठी वेगळा सांगितला आहे. ‘आमचं चालणं खूप होतं’ या उत्तराने त्याची जागा भरून निघत नाही.

हाडांचा प्रश्न मला यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मराठवाड्यात त्याची बोलणी जवळजवळ होतच नाहीत. हाड ही जिवंत पेशींनी सतत मोडली आणि बांधली जाणारी वस्तू आहे. जिथे भार पडतो तिथे ते बळकट होते आणि जिथे पडत नाही तिथे विरळ होत जाते, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते. पुढच्या संशोधनाने त्यात एक मोलाची भर घातली. हाडाच्या पेशी जोरकस, थोडक्या आणि मधे विसावा असलेल्या भाराला चांगला प्रतिसाद देतात. तोच हलका भार शेकडो वेळा पडत राहिला, तर त्या त्याला दाद देईनाशा होतात. खुरपणीचा दिवस आणि जड वजनाच्या तीन फेऱ्या यांत हाडांच्या दृष्टीने पडणारा फरक हाच आहे.

पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्रीच्या शरीरातले संप्रेरक कमी होते आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज झपाट्याने होते. काही स्त्रियांमध्ये या काळात हाडांची घनता वीस टक्क्यांपर्यंत घटते. आपल्या देशात पाळी थांबण्याचे सरासरी वय पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत काही वर्षांनी लवकरचे, सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपासचे आहे. त्यात बीड जिल्ह्याची गोष्ट आणखी वेगळी. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली असल्याचे समोर आले. त्या शस्त्रक्रियांची गरज, त्यातले पैसे आणि त्यामागची पाळीच्या दिवसांतला कामाचा खाडा टाळण्याची सक्ती यांवर पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच होते. परंतु त्या बायकांच्या हाडांचे पुढे काय होणार, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले असतील तर पाळी थांबण्याचे सगळे परिणाम एकदम सुरू होतात, आणि ते ठेवले असले तरी त्यांचे काम नेहमीपेक्षा लवकर मंदावू शकते. पस्तिशीत ज्या बाईच्या हाडांची झीज सुरू झाली, ती साठीला पोहोचेल तेव्हा तिच्या मणक्यांची आणि खुब्याची काय अवस्था असेल? तिच्यासाठी आज आपल्याकडे कॅल्शियमच्या गोळ्यांपलीकडे काहीही नाही. ताकदीच्या व्यायामाने हे नुकसान पूर्ण भरून येईल, असा दावा मी करणार नाही. मात्र ऑस्ट्रेलियात पाळी थांबलेल्या आणि हाडे विरळ झालेल्या स्त्रियांवर झालेल्या एका नामांकित प्रयोगात, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजनांचा व्यायाम केलेल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता आठ महिन्यांत जवळपास तीन टक्क्यांनी वाढली, आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची ती घटली. ज्या वयात सगळीकडे घटच अपेक्षित असते, त्या वयात वाढ होणे ही लहान गोष्ट नाही.

स्नायूंचेही असेच आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांनी शरीरातील स्नायूंचा तीन ते आठ टक्के भाग कमी होत जातो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्याचा परिणाम आपण रोज पाहतो, पण त्याला म्हातारपण म्हणून मोकळे होतो. मांडी घालून बसलेली आजी उठताना आधी एक हात जमिनीवर टेकते, मग दुसरा हात भिंतीला किंवा नातवाच्या खांद्याला लावते, गुडघ्यावर जोर देऊन अर्धी उभी राहते आणि तिथे क्षणभर थांबून मगच सरळ होते. आपल्याकडे चूल, जेवण, पूजा, शौचालय, हळदी-कुंकू आणि शेतातले काम हे सगळे जमिनीवर बसून होते. त्यामुळे ज्या दिवशी जमिनीवरून उठणे जमेनासे होते, त्या दिवसापासून ती बाई एकेका ठिकाणाहून बाहेर पडत जाते. पंगतीत ती बसत नाही, पंढरपूरच्या वारीला जात नाही, लग्नघरी मुक्काम करत नाही. शौचालयासाठी सुनेची वाट पाहायची वेळ आली, की ती पाणीच कमी पिऊ लागते. या सगळ्याचे मूळ बऱ्याच अंशी मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंत असते, आणि ते स्नायू कोणत्याही वयात बळकट करता येतात. बोस्टनमधील एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून आठ आठवडे पायांच्या स्नायूंचा जड व्यायाम करून घेतला गेला आणि त्यांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या जवळपास वाढली, असे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल सांगतो. लोक दहाच होते, म्हणून त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. परंतु नंतरच्या मोठ्या अभ्यासांनीही त्याची दिशा खरी ठरवली आहे. गुडघ्याची झीज झालेल्या रुग्णांना मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम आज जगभरचे अस्थिरोगतज्ज्ञ सुचवतात. आपल्याकडे मात्र गुडघा दुखू लागला की ‘आता उठबस कमी करा’ एवढाच सल्ला घरोघरी दिला जातो, आणि त्याने स्नायू आणखी झिजून गुडघ्यावरचा भार वाढतच जातो.

साखरेच्या आजाराविषयी थोडक्यात सांगतो. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा सर्वांत मोठा भाग शरीरातील स्नायू उचलतात. स्नायू जितके कमी आणि जितके निष्क्रिय, तितकी ती साखर रक्तात रेंगाळते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत आणि त्याहून अधिक लोक त्या उंबरठ्यावर उभे आहेत. हा आजार शहरातल्या श्रीमंतांचा राहिलेला नाही, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तासभर बसले तरी कळते.

आता भीतीविषयी. वजने उचलली तर बाई पैलवानासारखी दिसू लागेल, ही भीती मुलींच्या आया उघडपणे बोलून दाखवतात. स्नायू फुगवणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांच्या तुलनेत दहा-पंधरा पटींनी कमी असते, त्यामुळे वर्षानुवर्षे खास आहार घेऊन आणि रोज तासन् तास मेहनत करूनही बहुतेक स्त्रियांना तसे शरीर मिळत नाही. आठवड्यातून दोन दिवसांत तर त्याची शक्यताच नाही. सिडनी ऑलिम्पिकमध्ये २००० साली, महिलांच्या भारोत्तोलनाचा पहिल्यांदाच समावेश झाला तेव्हा, कर्णम मल्लेश्वरी यांनी ६९ किलो गटात एकूण २४० किलो वजन उचलून कांस्यपदक मिळवले आणि ऑलिम्पिक पदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. मीराबाई चानू यांनी टोकियोत ४९ किलो गटात २०२ किलो उचलून रौप्यपदक जिंकले. मीराबाईंची चण पाहिली, तर बाजारात आपल्या शेजारून त्या गेल्या तरी त्यांच्या ताकदीचा अंदाज कुणाला येणार नाही.

दुसरी भीती अधिक गंभीर आहे, आणि बायका ती एकमेकींच्या कानातच सांगतात. जड उचलले की अंग बाहेर येते, असे त्या म्हणतात, आणि त्यामागे त्यांचा अनुभव असतो. लवकर झालेली लग्ने, एकामागून एक बाळंतपणे आणि बाळंतिणीने पुरेशी विश्रांती न घेता उचललेली ओझी यांमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात आणि गर्भाशय खाली सरकते. अशा बाईला लगेच जड वजन देणे धोक्याचे आहे. तिला आधी डॉक्टरांनी तपासले पाहिजे आणि त्या स्नायूंचा वेगळा व्यायाम शिकवला पाहिजे. परंतु यातून निघणारा निष्कर्ष नीट पाहावा. ही बाई मोळी, कळशी आणि खताची गोणी आजही उचलतेच आहे, आणि ती श्वास रोखून, कंबर गोल करून, कुणी न शिकवता उचलते आहे. भार उचलताना श्वास कसा सोडावा, पोट आणि तळाचे स्नायू कसे आवळावेत, वजन अंगाजवळ कसे ठेवावे, हे शिकण्याची पहिली संधी तिला व्यायामशाळेतच मिळू शकते.

एक आक्षेप मात्र मी मनापासून मान्य करतो. स्त्रियांच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षे काम करणाऱ्या काही मैत्रिणी म्हणतात, की आधी बाईला पूर्ण मजुरी द्या, दारात पाणी द्या, दोन वेळचे धड जेवण आणि रात्रीची झोप द्या. हे न देता तिला व्यायाम सांगणे म्हणजे तिच्या आजारांचा दोष पुन्हा तिच्याच माथी मारणे होय. यातला शब्द न् शब्द बरोबर आहे. गळीत हंगामात फडावर असलेल्या बाईला व्यायामाचा सल्ला देणे निष्ठुरपणाचे ठरेल. तिला त्या वेळी विश्रांती, शौचालय आणि दवाखाना हवा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि चार-पाच वर्षांपूर्वीच्या फेरीपेक्षा हे प्रमाण वाढलेले आहे. ज्या बाईचे हिमोग्लोबिन आठच्या खाली आहे, तिने आधी उपचार घ्यावेत, व्यायाम नंतर पाहावा. तरीसुद्धा ‘आधी हे, मग ते’ या क्रमाने स्त्रियांचे प्रश्न आपल्याकडे कधीच सुटलेले नाहीत. मजुरीची लढाई चालू असताना बायका लिहायला-वाचायला शिकल्या, बचत गट उभे राहिले, आणि त्याने मजुरीची लढाई कमजोर झाली नाही. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. मराठवाड्यात सगळ्याच बायका फडावर जात नाहीत. नळ आणि गॅस आल्यानंतर निमशहरी घरांतल्या कष्टांचे स्वरूप बदलले आहे. शिक्षिका, अंगणवाडी सेविका, दुकान सांभाळणाऱ्या आणि शिलाई मशीनवर दिवस काढणाऱ्या बायका, स्पर्धा परीक्षांसाठी लातूर आणि संभाजीनगरच्या अभ्यासिकांत दहा-दहा तास बसणाऱ्या मुली, या सर्वजणींना ‘आमच्या बायका राबतात’ या एकाच वाक्यात बसवणे हे त्यांच्याकडे न पाहण्यासारखेच आहे.

जेवणाचा मुद्दा यात टाळता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरवून दिल्याप्रमाणे प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे पन्नास किलो वजनाच्या बाईला सुमारे चाळीस-बेचाळीस ग्रॅम. ताकदीचा व्यायाम सुरू केल्यावर ही गरज वाढते. दोन भाकरी, पातळ वरण आणि ठेचा यांवर दिवस काढणारी बाई तिथपर्यंत पोहोचत नाही, आणि घरात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात वरणाचे पाणीच उरलेले असते. याला उपाय म्हणून शहरातल्या दुकानांतले महागडे डबे आणावे लागत नाहीत. तूर, हरभरा, हुलगा आणि शेंगदाणे आपल्या रानातले आहेत. सोयाबीनचे तर काय सांगावे! शंभर ग्रॅममागे छत्तीसेक ग्रॅम प्रथिने असलेले हे पीक मराठवाड्यात शिवारेच्या शिवारे भरून घेतले जाते, लातूरच्या बाजारात त्याचे भाव रोज पाहिले जातात, आणि ते पिकवणाऱ्या घरात त्याचा एक दाणा शिजत नाही. भिजवून, चांगले उकळून, मग भाजून पिठात मिसळले किंवा उसळीत घातले, तर ते पचते. कच्चे किंवा अर्धवट शिजवलेले मात्र खाऊ नये. अंडी चालत असतील त्या घरी एक अंडे म्हणजे सहा ग्रॅम प्रथिने. अंगणवाडीच्या ताईंनी आणि बचत गटांनी हा हिशेब बायकांसमोर एकदा मांडला, तर तो समजायला अवघड नाही.

आता हे सारे कुठे घडावे, या मुख्य प्रश्नाकडे येतो. मराठवाड्याला तालमीची मोठी परंपरा आहे. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार आणि अर्जुन पुरस्कार विजेते काका पवार हे दोघेही लातूर जिल्ह्याच्या मातीतले. गावोगावी मारुतीच्या देवळाशेजारी तालीम असते किंवा होती, आणि अलीकडे क्रीडा खात्याच्या अनुदानातून व जिल्हा नियोजनाच्या निधीतून व्यायामशाळा आणि खुल्या व्यायामाचे साहित्य पुष्कळ ठिकाणी आले आहे. हा पैसा सार्वजनिक आहे, म्हणजे निम्मा बायकांचा आहे. प्रत्यक्षात काय दिसते? पत्र्याच्या शेडमध्ये एक बाक, दोन रॉड, गंजलेल्या प्लेटा, भिंतीवर उघड्या अंगाच्या शरीरसौष्ठवपटूंची चित्रे आणि संध्याकाळी तिथे जमणारी वीस-बावीस वर्षांची मुले. त्या शेडच्या दारात गावातली बाई उभीसुद्धा राहू शकत नाही. तिला कुणी मनाई केलेली नसते. पाटीवर ‘महिलांना प्रवेश नाही’ असे कुठेही लिहिलेले नसते. तरीही बांधकामाचा प्रस्ताव करताना, साहित्याची यादी करताना, वेळ ठरवताना ती कुणाच्याही डोळ्यांसमोर नसते, आणि मग तिथे फक्त पुरुषच येतात यात नवल नाही. बागेतल्या खुल्या साहित्याचा उपयोगही मर्यादितच आहे, कारण त्यातल्या बऱ्याचशा यंत्रांवर भार वाढवता येत नाही. दोन महिन्यांनंतर ती यंत्रे व्यायामापेक्षा झोके घेण्याच्याच कामाची उरतात.

मुलींच्या बाबतीत तर हे नुकसान फार लवकर सुरू होते. हाडांची जास्तीत जास्त घनता विशीच्या उत्तरार्धापर्यंत तयार होते. त्या वयापर्यंत जमा झालेले भांडवलच पुढे आयुष्यभर पुरवायचे असते. नेमक्या याच वर्षांत, पाळी सुरू झाली की मुलीचे मैदानावर जाणे घरातून कमी केले जाते आणि दहावीनंतर ते बहुधा बंदच होते. मैदान मिळाले तर काय होते, हे धाराशिवच्या खो-खोने दाखवून दिले आहे. तिथल्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. पदकासाठी निवडलेल्या चार मुलींपलीकडे ज्या चारशे मुली उरतात, त्यांच्यासाठी मात्र शाळेत खेळाच्या तासाला बहुधा गणिताचा जादा तास घेतला जातो.

क्रीडाशिक्षक म्हणून काम करताना एका तालुक्याच्या गावी बचत गटाच्या बायकांसोबत आम्ही जे करून पाहिले, त्यातून मला एवढे नक्की कळले की यासाठी मोठा खर्च लागत नाही. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमध्ये पाणी भरले की पाच किलो आणि वाळू भरली की आठेक किलो वजन होते. खताच्या रिकाम्या गोणीत मोजून वाळू भरून तिचे तोंड शिवले, की हवे तेवढे वजन तयार होते. पहिले काही दिवस फक्त एकच गोष्ट शिकवली: पाठीला उभी काठी लावायची, ती डोके, पाठ आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली ठेवायची, आणि काठी न सुटू देता नितंब मागे ढकलून वाकायचे. आयुष्यभर पाठ गोल करून वाकलेल्या बायकांना हे सुरुवातीला जमत नव्हते. काठी दर वेळी कमरेशी सुटायची. ज्या दिवशी ती सुटली नाही, त्या दिवशी पन्नाशीच्या एका बाईंनी वाळूची गोणी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि म्हणाल्या, “सर, हे तर मांडीत भरतंय, कमरेत नाही!” मला यापेक्षा नेमके वर्णन कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाही. त्यानंतर बैठका, भिंतीला टेकून आणि मग बाकाला टेकून जोर, कॅन छातीपासून डोक्यावर नेणे, गोणी ओढून पोटाशी आणणे आणि दोन्ही हातांत सारखे वजन घेऊन चालणे एवढ्या पाच-सहा हालचालींत सगळे मोठे स्नायू कामाला लागतात. पाळीच्या दिवसांत काय करायचे, असे त्यांनी विचारले. ज्यांना त्रास होत नाही त्यांनी करावे, होतो त्यांनी वजन कमी करावे किंवा थांबावे, याहून वेगळा नियम लागत नाही.

यासाठी माणसेही गावातच आहेत. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन भरतीची वाट पाहणाऱ्या मुली प्रत्येक तालुक्यात आहेत, पोलीस भरतीची तयारी केलेल्या आणि थोडक्यात हुकलेल्या मुली त्याहून अधिक आहेत. त्यांना सुरक्षित व्यायामाचे रीतसर प्रशिक्षण देऊन मानधनावर नेमता येईल. सुरुवातीला रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासण्याचे काम उपकेंद्रात होऊ शकते, कारण ती साधने तिथे आधीच आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने शेतकरी महिलांचे श्रम हलके करणाऱ्या अवजारांवर काम केलेले आहे. ओझे उचलण्याच्या रीतीचे शिक्षण त्याला जोडून देता येईल, आणि कृषी सहायकाच्या एका सभेत तेवढे सहज बसते.

पैशाचा प्रश्नही वाटतो तेवढा मोठा नाही. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते, आणि अनेक गावांत ती मार्चअखेरीस घाईघाईने कुठल्या तरी वस्तू वाटून संपवली जाते. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही कायद्यात आहेच. त्या सभेत चार गोष्टींचा ठराव करून घ्यावा: गावच्या व्यायामशाळेत आठवड्यातून किमान तीन दिवस दीड-दोन तासांची वेळ फक्त महिलांसाठी राखीव राहील, त्या वेळेत गावातलीच प्रशिक्षित मुलगी मानधनावर हजर असेल, हलक्या वजनापासून सुरू होणाऱ्या प्लेटा आणि दाराला आतून कडी, दिवा व स्वच्छतागृह यांची सोय या दहा टक्क्यांतून केली जाईल, आणि नव्या व्यायामशाळेच्या कोणत्याही प्रस्तावाला या सोयी असल्याशिवाय ग्रामपंचायत ना-हरकत देणार नाही. वेळ कोणती असावी, हे मात्र सरपंचांनी किंवा ग्रामसेवकांनी ठरवू नये. खुरपणीच्या दिवसांत ती वेगळी असेल, उन्हाळ्यात वेगळी असेल, आणि ऊसतोडीहून परतलेल्या घरांसाठी ज्येष्ठ-आषाढात आणखी वेगळी असेल. बायकांना ती पक्की ठाऊक असते, त्यांना फक्त विचारले पाहिजे.